दुसरा मंगळवार

लासर कप्यार म्हणाला, त्या मंगळवारी जागा नाही. चर्चची दारं उघडण्यापासून घंटा ओढण्यापर्यंत आणि मेणबत्त्यांची बुडखं खरवडण्यापासून मिस्सांची वही सांभाळण्यापर्यंत सगळं लासरच बघायचा, आणि इतक्या वर्षांत त्यानं इन्नासीला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळं इन्नासीला आधी वाटलं, आपणच तारीख चुकीची सांगितली. त्यानं पुन्हा सांगितली. तेरा सप्टेंबर, मंगळवार. ब्रिजिताला जाऊन त्या दिवशी वर्ष होत होतं. संध्याकाळची मिस्सा, वेदीवरची प्रार्थना, तिच्या आत्म्यासाठी हवी, नाव मोठ्यानं वाचलं जायला हवं, कारण बेटांवरून माणसं येणार, सरकारी दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाया येणार. लासरनं वहीवर बोट ठेवून मान हलवली. एका मिस्सेत एकच नाव, हे तुम्हाला मी का सांगायला हवं, चेट्टा, थोरल्या भावासारखे तुम्ही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारची संध्याकाळ पत्रोसची आहे.

"कोण पत्रोस?"

इन्नासी थट्टा करतोय असं वाटून लासर हसायच्या बेतात होता, तो थांबला. बेटावरचा पत्रोस. बंदरात हमाली करायचा, लाल झेंडेवाला. जाऊन सव्वीस वर्षं झाली. "देखणा होता," लासर म्हणाला, काही गरज नसताना. मग त्याच्यासाठी सव्वीस वर्षं दर महिन्याला मिस्सा सांगतं कोण, असं इन्नासीनं विचारलं. "आपली ब्रिजिताचेच्ची, आपल्या सगळ्यांची ताई. दुसरं कोण? यंदाच्या डिसेंबरपर्यंतचं सांगून गेलीय." आणि मग आवाज खाली आणून त्यानं सुचवलं, की खोडायचं असलं तर इन्नासीनं सांगावं, नवरा तो आहे, त्याच्या शब्दावर आपण खोडू. फक्त शनिवारच्या आत. शनिवारी यादी फादरांकडे जाते.

खोड, असं म्हणायला इन्नासीनं तोंड उघडलंही होतं. ते तसंच मिटून तो बाहेर आला. उन्हं चढलेली. गोदामांच्या गल्लीतून चालताना त्याला मिऱ्याचा वास आला नाही. ही गोष्ट घर जवळ आल्यावर त्याच्या ध्यानात आली. चाळीस वर्षं त्यानं मिऱ्याच्या गोदामात माल पारखण्याचं काम केलं होतं. मूठभर मिरी कानाशी धरून हलवायची, आवाज बद्द आला की माल ओला. नाकाशी धरायची, कुठल्या डोंगराची ते सांगायचं. व्यापारी त्याच्या नाकावर हजारोंचे सौदे करायचे. आणि हे नाक घेऊन तो रोज संध्याकाळी दारात बसायचा, ब्रिजिता बोटीवरून उतरून घरी यायची वाट बघत. आज बेटावर होतीस. आज विहिरीत पावडर टाकलीस. आज बाळंतिणीच्या खोलीत गेली होतीस, तिथं ओवा जाळला होता. आज बराच वेळ एका म्हाताऱ्याजवळ बसलीस. ती खांद्यावरची लसीची पेटी उतरवत हसायची, म्हणायची, पोलिसात जायला हवं होतं तुम्ही. तो पण हसायचा. पण आत तो हिशेब लावत असायचा, की या सगळ्या वासांच्या खाली, अगदी खाली, आपला काही उरलाय का. दुसऱ्या मंगळवारी मात्र ती आली की फक्त मेणाचा आणि धुपाचा वास यायचा. मंगळवारी संत अंतोनीची नव्हेना, त्याची खास प्रार्थना, असते, सगळ्याच बाया जातात. त्या दिवशी तो निर्धास्त असायचा. एवढं नाक, आणि त्याला मेलेल्या माणसाचा वास आला नाही.

ब्रिजिता कशी होती, हे गेल्या वर्षभरात त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. एकतीस वर्षं तीन बेटं सांभाळली. काचेच्या सिरिंजा आणि सुया स्वतःच्या स्वयंपाकघरात उकळल्या. सकाळी निघताना लसीच्या पेटीच्या झाकणावर अंगठ्यानं क्रूस काढल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. पोरं तिला बघून रडायची, आया धाक घालायच्या, गप बस नाहीतर सुईवाली येईल, आणि तीच पोरं मोठी होऊन लग्नाची पहिली पत्रिका तिला द्यायची. कॉलऱ्याच्या साथीत बोटी बंद होत्या तेव्हा वाळू वाहणाऱ्या होडीतून गेली, वाळूच्या ढिगावर बसून, माळ ओढत. निवृत्त झाल्यावरही जातच राहिली. लोक हे सगळं त्याला सांगत, जणू तो कुणी परका, जणू त्याला माहीत नसावं, आणि सांगून झालं की त्याच्याकडे बघत, की हा रडेल. त्याला रडू येत नसे. तिच्या शेवटच्या दिवसांत खाटेभोवती चार नर्सबाया होत्या, एक हात हिच्याकडे, एक तिच्याकडे, नाडी सापडतेय का बघत. फादर दोनदा येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले. नवऱ्याला जागा मिळाली पायांशी. त्यानं तिच्या तळव्यावर हात ठेवला तेव्हा एक नर्स म्हणाली, चेट्टा, जरा सरका, गरम पाण्याची पिशवी ठेवायचीय.

तो कुणाकुणावर जळला होता, ते एकदा नीट लावून बघायला हवं. भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीवर, खालच्या लाल दिव्यासकट. कारण ती घरात शिरली की पहिली नजर तिकडे. बोटीच्या तांडेलावर, जो ती दिसल्याशिवाय दोर सोडत नसे. तिच्या गुडघ्यांखालच्या फरशीवर. ती जपमाळ म्हणायला बसली की पाठ सरळ, डोळे मिटलेले, आणि माळ संपल्यावर ओठ तेवढे हलायचे, एकामागून एक नावं. पेशंटांची. मोठ्यानं ती कधीच कुणाचं नाव घेत नसे. घरी सांगताना पायाची जखम, जुळ्यांची आई, खोकलावाला एवढंच. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी त्यानं एकदा विचारलं होतं, त्यात माझं नाव कितवं?

"शेवटचं."

"शेवटचं का म्हणून?"

"ते घेऊन मी झोपते," ती म्हणाली.

या एका वाक्यावर त्यानं कित्येक वर्षं काढली होती. आता पलंगाच्या कडेला बसून त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. शेवटून दुसरं कुणाचं असेल? आणि पापनिवेदन. दर पहिल्या शनिवारी ती फादरांच्या जाळीशी गुडघे टेकायची आणि तो मागच्या बाकावर बसून वेळ मोजायचा. बाकीच्या बाया तीन मिनिटं, चार मिनिटं. सासूशी भांडले, पोराला मारलं, उपासाच्या दिवशी मासळी खाल्ली, झालं. ब्रिजिता अकरा मिनिटं. या बाईकडे अकरा मिनिटांची पापं कुठून येतात? तो गमतीनं विचारायचा, आज काय सांगितलंस माझ्याविषयी? ती म्हणायची, तुमच्याविषयी काही नव्हतंच. गंमत म्हणून विचारायचा, पण त्या रात्री जेवण गोड लागायचं नाही.

आलुवा, नदीकाठचं गाव. तेवढं त्याच्याकडे होतं. उपासाच्या महिन्यातला एक मंगळवार, ती बेचाळीस वर्षांची. पहिल्यांदा आणि शेवटचं, कारण नसताना तिनं रजा घेतली. पांढरी साडी नाही, पिवळसर, कडेला हिरवा धागा. बसमध्ये खिडकीशी ती, शेजारी तो. नदी आटलेली, वाळूचं मैदान उघडं पडलेलं, आणि पुढं पाणी घोट्याएवढं, इतकं नितळ की आपलीच नखं मोजावीत. तिनं चपला हातात घेतल्या आणि गुडघ्यापर्यंत पाण्यात गेली. ठेल्यावरची केळ्याची भजी खाल्ली, कागदाला पुसलेली बोटं नदीत धुतली. तिचं घड्याळ, ते छातीशी उलटं लटकवायचं, घरीच राहिलं होतं. परत निघताना तिनं त्याच्या दंडाला धरून चपला घातल्या, आणि घातल्यावरही दंड सोडला नाही. एवढंच. यापेक्षा जास्त काही झालं नाही. पण त्या दिवशी ती सरकारची नव्हती, बेटांची नव्हती, शपथ घेऊन सांगता येईल, देवाचीही नव्हती. नंतर कितीही वाईट संध्याकाळ आली, ती कितीही उशिरा आली, तरी तो आतल्या आत तो मंगळवार कानाशी धरून हलवायचा आणि आवाज कोरडा, खणखणीत यायचा.

मिस्सा मेलेल्याला वर ढकलते. लहानपणी शिकवलेलं असतं, मोठेपणी कुणी विचारत नाही, पण असतं. शुद्धिस्थानात आत्मा जळत असतो, इथं खाली एक मिस्सा झाली की तो एक पायरी चढतो. सव्वीस वर्षं गुणिले बारा, तीनशे बारा. बुधवारी दुपारी इन्नासी कॉफी थंड होईपर्यंत हा गुणाकार करत बसला. तीनशे बारा पायऱ्या. एवढ्यात कसलाही पापी पोहोचेल. धक्क्यावरचा हमाल, लाल झेंडेवाला, देखणा, केव्हाच वर जाऊन बसला असेल, चांगली जागा बघून. आणि गेल्या सप्टेंबरात ब्रिजिता वर गेली तेव्हा दारात कोण उभं असेल? आई-वडील, मान्य. एखादा संत. आणि त्यांच्या मागं खांबाला टेकून, हात बांधून, हसत, हा. ये सिस्टर. तुझ्याच पैशानं आलो. इन्नासीनं कप खाली ठेवला. आपण त्र्याहत्तर वर्षांचे आहोत, शारजात आपला मुलगा चाळिशीला आला, आणि आपण स्वर्गाच्या दारात एका मढ्याशी भांडतोय, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. आपण मेल्यावर खाली आपल्यासाठी कोण सांगणार? मुलगा एक सांगेल. फार तर दोन. दोन पायऱ्या चढून आपण वर मान करून बघत राहणार, आणि ती दोघं—

गुरुवारी तो बोटीत बसला.

बेटावर तो याआधी चार-पाच वेळाच आला असेल. धक्क्यावरच्या बाईनं त्याला ओळखलं नाही, पण सिस्टरचा नवरा म्हटल्यावर उठून उभी राहिली आणि पत्रोसच्या बहिणीचं घर दाखवायला अर्ध्या वाटेपर्यंत आली. जुस्सा ऐंशीच्या पुढची, पायरीवर बसून शिंपले उघडत होती. एक पाय आखडलेला, नजर साफ. तिनं त्याला आधी निरखून घेतलं. मग म्हणाली, "तू मिऱ्याचा इन्नासी. बस. सव्वीस वर्षं उशीर केलास."

त्यानं ठरवून आणलेले प्रश्न वेगळे होते. पण तोंडातून निघालं ते हे, की तुमचा भाऊ देखणा होता म्हणे.

"कोण म्हणतं? लासर? लासरला बैलही देखणा दिसतो." तिनं शिंपला फोडला. "आमचा बाप देखणा होता. पत्रोस आईवर गेलेला, हे एवढं नाक. आणि शेवटी शेवटी तर नाकच उरलं होतं."

देखणा नव्हता, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. देखणा असता तर निदान कारण तरी कळलं असतं.

मग जुस्सानं सांगितलं. सगळं एका सुरात, शिंपले न थांबवता. पत्रोसची फुप्फुसं गेली होती. ब्रिजिता एक दिवसाआड येऊन सुई द्यायची आणि सुई दिल्यावर थोडा वेळ बसून राहायची, काही त्रास होतोय का बघायला, सगळ्यांकडेच बसायची. त्या थोड्या वेळात दोघं भांडायची. पत्रोसनं अठरा वर्षं चर्चची पायरी चढली नव्हती, कारण बापाला पुरताना तेव्हाच्या फादरांनी घंटा वाजवू दिली नव्हती, बापही झेंडेवालाच. पत्रोस म्हणायचा, तुझ्या देवाचं ऑफिस मोठं आहे सिस्टर, पण खिडकीत कुणी बसत नाही. ती म्हणायची, रांगेत उभं राहायचं नाही आणि वर खिडकी बंद म्हणून ओरडायचं. फादरांना आणू का, असं तिनं एकदाही विचारलं नाही. आणि मग उपासाच्या महिन्यातल्या एका रविवारी त्यानंच आपणहून सांगितलं, तुझ्या माणसाला घेऊन ये. पापं सांगेन, तेल लावून घेईन. पण मंगळवारी. सोमवारी युनियनची माणसं बघायला यायचीत, त्यांच्यादेखत नको, मला लाज वाटेल.

मंगळवार हा शब्द आला तेव्हाच इन्नासीला पुढचं सगळं कळलं होतं. तरी तो बसून राहिला, जसं सुईची जागा पुसली जात असताना माणूस बसून राहतो.

सोमवारी संध्याकाळी ती आली, जुस्सा म्हणाली. आत नाही आली, तिथं कुंपणाशी उभी राहिली, कारण घरात झेंडेवाले बसले होते. मी पत्रोसला धरून बाहेर आणलं. ती म्हणाली, आज होईल का? तो म्हणाला, आज कसं, बघतेस ना. मग ती म्हणाली, उद्या मला नाही जमणार. परवा, पहिल्या बोटीनं, फादरांना घेऊन येते.

"तो म्हणाला, कुठं निघालीस? ती म्हणाली, नवऱ्याबरोबर. आलुव्याला. तर असा हसला, असा हसला, की खोकला लागला. म्हणाला, 'देवाच्या बाईलाही नवरा असतो होय? जा की. मी कुठं पळून चाललोय? तुझ्या देवानं अठरा वर्षं वाट बघितली, आणखी एक दिवस बघेल.'"

मंगळवारी दुपारी तीनच्या पुढं रक्ताची उलटी झाली. एकदा त्यानं विचारलं, आज मंगळवार ना? जुस्सा हो म्हणाली. चारला गेला. बुधवारी पहिल्या बोटीनं फादर आणि ती उतरली तेव्हा त्याला चटईसकट अंगणात आणून ठेवलं होतं. मेलेल्याला तेल लावता येत नाही. त्याला दफनभूमीच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात, बापाशेजारी पुरलं. घंटा त्याच्याही वाट्याला आली नाही. ब्रिजिता रडली नाही. तिनं उरलेल्या सुया आणि औषधं पेटीत भरली, आणि पुढच्या घरी गेली, तिथं लहान मूल होतं, त्याला लस द्यायची होती.

"मी तिला म्हटलं, घरी सांग नवऱ्याला, मन हलकं होईल," जुस्सा म्हणाली. तिनं पहिल्यांदाच सुरी खाली ठेवली. "तर म्हणाली, 'नको चेच्ची. त्यांच्याजवळ तेवढा एकच दिवस आहे.'"

परतीच्या बोटीत इन्नासी कठड्याला धरून उभा राहिला, बसायला जागा असून. आलुवा, पुन्हा. आता नीट. आदल्या शनिवारी त्यानं काय म्हटलं होतं, ते या सगळ्या वर्षांत त्यानं कधी त्या दिवसाला जोडलं नव्हतं. भांडण नेहमीचंच होतं, बेटं, बेटं, बेटं, घर म्हणजे काय धर्मशाळा. आणि तिनं नेहमीसारखं ऐकून घेतलं तेव्हा त्यानं ते काढलं, जे कुठं लागेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मंगळवारी माझ्याबरोबर आली नाहीस तर या ईस्टरला मी पापनिवेदनाला जाणार नाही. ईस्टरलाही नाही आणि नंतरही नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर त्यानं तेव्हा ओळखली नव्हती. पाऱ्याची कांडी उजेडाकडे धरून ती जसं बघायची, किती चढलाय ते, तशी. मग म्हणाली, ठीक आहे, येते. दुसऱ्याच दिवशी पत्रोसनंही मंगळवारच मागितला. दोन आत्मे. एक फुप्फुसं गेलेला, एक धडधाकट, मिऱ्याच्या गोदामातला, जळका. तिनं दोन्ही तोलले आणि कुठल्या घरी आधी जायचं ते ठरवलं, रोज ठरवायची तसं. म्हणजे आलुव्याला ती त्याच्या शेजारी बसमध्ये बसली होती तेव्हाही ती पेशंटांच्या फेरीवर होती. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी होती तेव्हा तिची पाठ त्याच्याकडे होती. तो काठावर भज्यांचा कागद धरून. ती किती वेळ तशीच उभी होती? सूर्य कुठं होता? चार वाजले असतील का? घड्याळ नव्हतं. घड्याळ विसरलं होतं की ठेवून आली होती? दंड धरला होता तो चपलेसाठी, की तेव्हा तिला धरायला काहीतरी हवं होतं? त्याला आठवत नव्हतं. आता त्याला ती हसतानाही आठवेना. आणि सगळ्यात वाईट याहून पुढचं होतं. हा एक दिवस, जो कुणाकडून हिसकावून घेतल्यासारखा त्यानं सव्वीस वर्षं मुठीत धरला होता, तो त्याला दिलेला होता. जा की, नवऱ्याबरोबर जा. त्या नाकाड्यानं कुंपणाला धरून, खोकत, हसत, आपल्या आयुष्याचा शेवटचा दिवस उचलून त्याच्या हातात ठेवला होता. परत करायची सोय न ठेवता.

आणि ती अकरा मिनिटं. दर महिन्याला तेच सांगत असेल, आणि फादर दर महिन्याला सांगत असतील, बाई, हे मागेच क्षमा झालंय. तिला पटत नसेल. ती अकरा मिनिटं आलुव्याची होती. म्हणजे त्याची होती, एका अर्थी. तुमच्याविषयी काही नव्हतंच, ती म्हणायची. पापनिवेदनातून बाहेर येता येता खोटं बोलायची, त्याच्यासाठी, पुढच्या महिन्याच्या पापाची सोय करत. आणि जुस्साला माहीत होतं. बेटावरच्या शिंपलेवालीला माहीत होतं की इन्नासीजवळ किती दिवस आहेत. त्याला रडू यायच्या आत दुसरंच काहीतरी येऊन पोहोचलं होतं. मला सोडून तिला सांगितलंस, ब्रिजिते.

शुक्रवारी तो कुठं गेला नाही.

शनिवारी सकाळी लासर पितळेची समई राखेनं घासत होता. वही टेबलावर. इन्नासीला बघून त्यानं हात पुसले आणि पेन्सिल कानामागून काढली, म्हणजे त्याच्या मनानं उत्तर ठरलेलंच होतं. "खोडू ना?"

इन्नासीही रात्रभर तेच ठरवून आला होता. खोड. त्या जागी तिचं नाव लिही, या मंगळवारी, पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या. माझी बायको, माझा मंगळवार. पण लासरची पेन्सिल त्या नावाशी टेकली आणि इन्नासीला एकदम दिसलं, की खोडणं म्हणजे काय. मिस्सा कधी थांबवतात? आत्मा पोहोचला असं मानलं म्हणजे. आपण खोडलं की आपणच सही करून दिल्यासारखं होईल, की हा पोहोचला, वर आहे, तिच्याजवळ आहे. आणि मिस्सा चालू आहे तोवर? तोवर तो वाटेत आहे. तोवर कुणालाही म्हणता येणार नाही की तो आत गेला. तीनशे बारा झाल्या, तीनशे तेरा होईल, तीनशे चौदा, आणि तो जिन्यावरच, नाक वर करून.

"राहू दे," इन्नासी म्हणाला.

लासरनं पेन्सिल उचलली. आणि चेच्चीची? बुधवारी सकाळची मोकळी आहे.

"बुधवार नको, त्याच्या मागून नको. सोमवारची बघ."

सोमवारी होती. लासरनं लिहून घेतलं. मग डिसेंबरनंतर पत्रोसचं काय, हे त्यानं बिचकत विचारलं. इन्नासी म्हणाला, चालू ठेव. किती दिवस? मी आहे तोवर. देणाऱ्याचं नाव काय घालू? घालू नकोस, ती घालत नव्हती.

लासरचे डोळे भरले. त्यानं राखेचा हात इन्नासीच्या हातावर ठेवला. "चेच्चीचं मन तुमच्यात उतरलं हो, इन्नासीचेट्टा. मला वाटलं होतं तुम्ही खोडाल. मी घरी बायकोलाही तसंच म्हटलं. देव क्षमा करो मला."

इन्नासीनं हात सोडवून घेतला. खरं सांगावं असं त्याला क्षणभर वाटलं. पण ते लासरला सांगण्यासारखं नव्हतं, आणि जाळीमागच्या फादरांना सांगायचं तर त्यालाही अकरा मिनिटं लागली असती.

सोमवारची तिची मिस्सा छान झाली. बेटांवरची माणसं आली, नर्सबाया आल्या, नाव दोनदा वाचलं गेलं, नंतर सगळ्यांना कॉफी आणि अप्पम. सगळे त्याच्याकडे बघत होते. लासरनं गावभर केलं होतं. एका म्हाताऱ्यानं तर त्याचा हात कपाळाला लावला.

मंगळवारी संध्याकाळी तो एकटाच गेला. नव्हेनाची गर्दी, बायाच जास्त, पंख्यांचा आवाज. दुसऱ्या मंगळवारी ती कुठं बसायची हे त्याला माहीत नव्हतं, तेव्हा जागा मिळाली तिथं बसला, खांबाच्या मागं, जिथून फादर दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. त्यानं ठरवलं होतं, यायचं, पण आपण ओठ उघडायचे नाहीत. मिस्सा चर्चची, ती चालू दे. तिच्यात आपला आवाज घालायचा नाही, एक शब्द कमी तर एक शब्द कमी. फादरांनी पान उलटल्याचा आवाज आला. आजची मिस्सा पत्रोसच्या आत्म्यासाठी. वडिलांचं नाव नाही, घराण्याचं नाव नाही, नुसतं पत्रोस. तीनशेच्या आसपास वेळा ब्रिजितानं हे असं, एवढंच, ऐकलं असेल, या गर्दीत, कुणाला न सांगता, आणि मग उठून घरी जाऊन त्याला भात वाढला असेल. फादर म्हणाले, हे प्रभो, त्याला अनंत विश्रांती दे. इन्नासीनं ओठ घट्ट मिटले. मागच्या बाया, पुढच्या बाया, सगळं चर्च श्वास घेऊन उत्तराला निघालं, आणि चाळीस वर्षं रविवारी तिच्या खांद्याला खांदा लावून जे म्हटलं होतं ते त्याच्या तोंडातून निघून गेलं, त्याला न विचारता, शेजारची बाई वळून बघेल एवढ्या मोठ्यानं. आणि अक्षय प्रकाश त्याच्यावर पडो.